कापडाला सुटलेले पोट

पाऊस मोजायला आमची चार-पाच जणांची तुकडी दर पावसाळ्यात घाटमाथ्यावर जाते. सोबत एक जीप असते आणि जीपच्या टपाच्या कडेला कापडाची एक गुंडाळी बांधलेली असते. ती उलगडून पुढच्या दांडीचे दोन पाय जमिनीवर टेकवले की गाडीला लागूनच अडीच मीटर लांब आणि दोन मीटर खोल अशी कापडी पडवी तयार होते. परदेशात सहलीच्या गाड्यांना असे छप्पर लावलेले असते. त्याला ऑनिंग म्हणतात. आमची पडवी मात्र एका ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेली होती.

पहिल्याच वर्षी रात्रीच्या पावसात या पडवीला मध्यभागी पोट सुटले. पाणी साठून कापड खाली लोंबू लागले. मी दोऱ्या आवळल्या. तासाभराने पुन्हा पोट. पुन्हा आवळल्या. तिसऱ्या खेपेला पुढचा एक पाय दुमडला आणि सगळे पाणी खालच्या टेबलावर कोसळले. टेबलावर अकरा दिवसांच्या नोंदींची वही होती आणि नोंदी शाईने केलेल्या होत्या. आमचे गाडीचालक मामा इतका वेळ गाडीत बसून गंमत पाहत होते. ते खाली उतरून म्हणाले, "साहेब, ओढून काय व्हतंय? एक पाय खाली बसवा की."

मामांचे म्हणणे बरोबर होते. माझे चूक का होते, हे नीट समजायला मला परत आल्यावर बरेच वाचावे लागले. त्या वाचनात रोमन प्रेक्षागृहे भेटली, एक आंधळा पदार्थवैज्ञानिक भेटला आणि युद्धकैद्यांच्या छावणीत इमारती उभारणारा एक तरुण वैमानिक भेटला. कापडावर पाणी साठू न देण्याची विद्या माणसाला उशिरा आली, असे त्यातून दिसते.

आधी थोडा हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. आमच्या पडवीचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर. ताशी ५० मिलिमीटरचा पाऊस, आणि घाटमाथ्यावर तो काही अपूर्व नाही, असेल तर तासाला २५० लिटर पाणी तिच्यावर पडते. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि मध्ये दहा सेंटिमीटर खोल असे उथळ पोट सुटले तरी त्यात साठेक लिटर पाणी मावते. म्हणजे एक मोठा माणूस कापडावर झोपवल्यासारखेच झाले.

पण पडवीला उतार होता की! टपाशी उंची दोन मीटर आणि पुढे एक मीटर ऐंशी, म्हणजे दोन मीटरमध्ये वीस सेंटिमीटरचा उतार. मग पाणी थांबले कसे? कापड कधीच पाटासारखे सरळ नसते, त्याला झोळ असतो. झोळ साधारण अन्वस्ताच्या आकाराचा धरला तर एक सोपा नियम मिळतो: एकूण उताराच्या चौथ्या हिश्शापेक्षा झोळ जास्त झाला की पुढच्या कडेजवळ कापड उलटे वर चढू लागते आणि पाणी अडते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित घालावे. अन्वस्ताच्या टोकाचा चढ काढला की झाले. वीस सेंटिमीटरच्या उताराला पाच सेंटिमीटरचा झोळ पुरे.

आणि पाच सेंटिमीटर झोळ पडायला कापड किती लांबावे लागते? अर्धा सेंटिमीटरही नाही. दोन मीटरचे कापड दोन सेंटिमीटरने, म्हणजे शेकडा एकाने लांबले तर झोळ जवळजवळ बारा सेंटिमीटर होतो. विश्वास बसत नसेल तर दोरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाली आली आहे असे मानून पायथागोरसच्या नियमाने करून पाहा, चौदा सेंटिमीटर येतील. नायलॉनचे कापड तर नुसते भिजल्यानेच एक-दोन टक्के सहज लांबते.

आता माझ्या दोऱ्या आवळण्याकडे वळू. ताणलेली दोरी आडवी धरली की ती स्वतःच्या वजनाने थोडी तरी वाकतेच. कितीही ओढा, अगदी सरळ होत नाही. केंब्रिजच्या विल्यम व्ह्यूएल यांनी १८१९ सालच्या आपल्या यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे सांगितले आहे. ते सांगताना त्यांचे गद्य वाक्य नकळत यमकासकट पद्य होऊन गेले आणि मित्रांना थट्टेला विषय मिळाला. वाकल्याशिवाय दोरी वजन उचलूच शकत नाही, हे त्यामागचे कारण. सपाट कापडाचेही तसेच.

मात्र पाण्याचे वजन इतर वजनांसारखे नसते. कापडावर एखादे पुस्तक ठेवले तर कापड थोडे वाकते आणि थांबते. कारण पुस्तकाचे वजन वाढत नाही. पाण्याचे वजन मात्र कापड जितके वाकेल तितके वाढते. वाकले की खळगा, खळगा झाला की पाणी, पाणी आले की आणखी वाकणे. विरोधात कापडाचा ताण असतो. तोही वाकण्याच्या प्रमाणातच वाढत जातो. म्हणजे दोन मल्ल एकाच गतीने बळ वाढवत आहेत. जिंकणार कोण हे पहिल्या क्षणीच ठरलेले असते.

पाणी हरावे यासाठी लागणारा किमान ताण काढता येतो. सपाट कापडाच्या दर मीटर रुंदीमागे किलोग्रॅममध्ये ताण हवा असेल तर दोन आधारांमधल्या अंतराचा मीटरमध्ये वर्ग करावा, त्याला १००० ने गुणावे आणि 'पाय'च्या वर्गाने, म्हणजे सुमारे १० ने, भागावे. दोन मीटर अंतरासाठी उत्तर येते दर मीटरला सुमारे ४०० किलो. आमच्या अडीच मीटर लांबीच्या पडवीला एकूण एक टन! मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, फार तर चाळीस-पन्नास किलोंनी ओढत होतो. या हिशोबात उतार धरलेला नाही, शिवाय ताण एकाच दिशेने आहे असे मानले आहे. प्रत्यक्षात आकडा बराच उतरेल. तरी मूळ गोष्ट राहतेच. ओढून पोट जात नाही. आधारांमधले अंतर निम्मे केले तर मात्र लागणारा ताण एक चतुर्थांश होतो. ताडपत्रीखाली मध्ये एक बांबू घालणारा माणूस हा वर्गाचा नियम शाळेत न शिकताच वापरत असतो.

इतिहासात मागे गेले तर जुन्या लोकांना ही अडचण फारशी आलेली दिसत नाही. कारण त्यांनी सपाट कापड पावसात धरलेच नाही. रोममध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात नाट्यगृहांवर तागाचे छत ताणू लागले. इसवी सन ८० मध्ये सुरू झालेल्या कलोसियमच्या वरच्या भिंतीत डोलकाठ्या रोवण्यासाठी २४० दगडी आधार होते आणि छत ओढायला आरमारातले खलाशी नेमलेले असत. पाँपेईच्या एका भित्तिचित्रात तिथल्या प्रेक्षागृहावरचे असे छत दिसते. पण हे सगळे उन्हासाठी होते. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा कोरडा असतो, ही त्यांच्या पथ्यावर पडलेली गोष्ट.

आपल्याकडचे शामियाने, डेरे, राहुट्या याही मुख्यतः कोरड्या ऋतूच्याच. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यात एखाद्या जागी मुक्काम ठोकत. जुन्या कागदांत त्या पावसाळी मुक्कामाला 'छावणी' म्हटलेले आढळते. शामियान्याचे सपाट छत आषाढात कोणी उभारत नसे. ज्यांना पावसातच राहायचे होते त्यांनी उतार भरपूर ठेवला. कोकणातल्या घराचे छप्पर पाहा, किंवा लष्करी तंबूची मधली दांडी पाहा. जाड सुती कापड भिजले की त्याचे धागे फुगतात, विणीतली भोके बुजतात आणि कापड आवळले जाते. सुती तंबूच्या दोऱ्या पावसाआधी थोड्या सैल करायच्या असतात ते याचसाठी. उंच उतार आणि आवळत जाणारे कापड, मग पाणी साठणार कुठे?

अडचण सुरू झाली ती मौजेखातर प्रवास करणाऱ्यांची. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी इंग्लंडात केवळ भटकंतीसाठी घोड्यांची एक घरगाडी बांधवून घेतली. हौसेच्या घरगाड्यांची सुरुवात तिच्यापासून धरतात. पुढे मोटार आली, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत छोट्या बसगाड्यांतच झोपण्याची, स्वयंपाकाची सोय होऊ लागली, आणि गाडीबाहेर चार खुर्च्या टाकण्यापुरती पडवी हवी झाली. इथे भूमिती आडवी आली. गाडीचे टप दोन मीटरवर आणि पुढच्या कडेखालून माणूस न वाकता जायला हवा. उतार मिळणार वीस-तीस सेंटिमीटरचा! त्यातच १९४० नंतर कृत्रिम धाग्यांची कापडे आली. हलकी, न कुजणारी, पाणी न झिरपू देणारी. जुने कापड थोडे तरी गळायचे. आता पाणी वरच राहू लागले. कापड सुधारले आणि पोट मोठे झाले, असा हा प्रकार.

यातून सुटण्याची वाट गणितात फार आधीच तयार झालेली होती, पण ती तंबूसाठी आहे हे कोणालाच माहीत नव्हते.

१७४४ साली ऑयलरने दोन वर्तुळाकार कड्यांमध्ये कमीत कमी क्षेत्रफळाचे कोणते पृष्ठ बसेल हा प्रश्न सोडवला. लाग्रांझने १७६० च्या सुमारास तो कोणत्याही आकाराच्या कडेसाठी मांडला. १७७६ मध्ये म्यूनिए या तरुण फ्रेंच अधिकाऱ्याने अशा लघुतम पृष्ठाचा अर्थ सांगितला: त्याच्या प्रत्येक बिंदूवर एका दिशेने जितका बाक वर असतो, तितकाच बाक तिच्याशी काटकोनातल्या दिशेने खाली असतो. घोड्याच्या खोगिरावर मधोमध बोट ठेवा. पुढे-मागे खोगीर वर जाते आणि दोन्ही बाजूंना खाली उतरते. तसा आकार.

अशी पृष्ठे डोळ्यांना दाखवली बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी. तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून काढल्या की पृष्ठताणामुळे पडदा आपोआप सर्वांत लहान क्षेत्रफळ घेतो. गणित्याला महिने लागतील ते साबण क्षणात सोडवतो. प्लॅटो १८४० च्या दशकातच आंधळे झाले होते. त्यानंतर कित्येक वर्षे प्रयोग ते सांगत आणि हात व डोळे दुसऱ्यांचे असत. १८७३ साली त्यांचा ग्रंथ दोन खंडांत निघाला. रंगीत पडद्यांचे वर्णन त्याने करावे ज्याला ते दिसत नाहीत, हे वाचताना थांबायला होते.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. साबणाच्या पडद्यात खळगा असू शकतो का? समजा, आहे. खळग्याच्या तळाशी पृष्ठ सर्व दिशांनी वर जायला हवे, वाटीसारखे. पण म्यूनिएची अट म्हणते की एका दिशेने वर असेल तर आडव्या दिशेने खाली असलेच पाहिजे. म्हणजे वाटी अशक्य! अशा आकाराच्या पृष्ठावर पाण्याचा थेंब कुठेही टाका, त्याला कुठल्या ना कुठल्या बाजूने खाली जायची वाट असतेच आणि तो शेवटी कडेला पोचतो. चौकट पूर्ण सपाट आणि आडवी असेल तर मात्र पडदाही सपाट राहतो; त्याला खळगा नाही, पण उतारही नाही. म्हणून चौकट वाकडी हवी. एखादा कोपरा वर किंवा खाली.

मामांचा पाय इथे बसतो. जीपच्या टपाची कड आडवी. पुढच्या दांडीचा एक पाय खाली बसवला की दांडी तिरपी होते. आता या दोन सरळ रेषा समांतरही नाहीत आणि वाढवल्या तरी एकमेकींना छेदतही नाहीत. त्यांच्यामध्ये ताणलेल्या कापडाचे गाडीपासून पुढे येणारे धागे सरळच राहतात, पण सगळे मिळून एक खोगीर तयार होते. भूमितीत त्याला अपास्तिक अन्वस्तज म्हणतात. मोठा शब्द आहे, मामांना तो सांगितला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

इमारतींत ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्याला आली. रशियात व्लादिमिर शुखोव्हने १८९६ मध्येच निझनी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात पोलादी पट्ट्यांची टांगलेली छपरे करून दाखवली होती, पण ती वाट पुढे कोणी फार चालले नाही. नंतर आले मॅथ्यू नोविकी. या पोलिश स्थापत्यकाराने अमेरिकेत रॅली येथील जनावरांच्या प्रदर्शनासाठी एक मंडप आखला: काँक्रीटच्या दोन प्रचंड कमानी एकमेकींना छेदून विरुद्ध बाजूंना झुकलेल्या, आणि त्यांच्यामध्ये तारांच्या जाळीचे खोगीर. पाणी आपसूक दोन खालच्या टोकांकडे. तो १९५२ मध्ये पुरा झाला, पण नोविकींना पाहायला मिळाला नाही. ते चंदीगड शहराच्या पहिल्या आराखड्यावर काम करत होते आणि भारतातून परतताना ३१ ऑगस्ट १९५० रोजी इजिप्तमध्ये विमान अपघातात वारले. त्यांचे वय चाळीस होते.

याच मंडपाची रेखाचित्रे न्यूयॉर्कमध्ये अभियंता फ्रेड सेव्हरूड यांच्या कचेरीत एका जर्मन विद्यार्थ्याने पाहिली. त्याचे नाव फ्राय ओटो. जन्म १९२५ चा. मुलगा असताना त्याला ग्लायडरचा नाद होता. हलक्या सांगाड्यावर कापड ताणले की ते वजन पेलते, हे त्याने तिथे पाहिले होते. युद्धात लढाऊ वैमानिक, मग फ्रान्समध्ये शार्त्र गावाजवळ युद्धकैदी. कैद्यांच्या छावणीत त्याला बांधकामाचे काम मिळाले आणि साहित्य जवळजवळ काहीच नव्हते. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त जागा झाकायची, ही सवय तिथली. पुढे बर्लिनमध्ये टांगलेल्या छपरांवर त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आणि १९५४ मध्ये तो पुस्तकरूपाने आला.

ओटोने मग धरले ते बॉडेन सरोवराकाठच्या पेटर स्ट्रोमायर या तंबूवाल्याला. हे मला फार आवडते. डॉक्टरेट झालेला माणूस तंबू शिवणाऱ्याकडे गेला, आणि तंबूवाल्याने त्याला दारातून परत पाठवले नाही! १९५५ साली कासेल येथील उद्यान-प्रदर्शनात दोघांनी वादकांसाठी एक छोटा मंडप केला. एकच सुती कापड, चार कोपरे. समोरासमोरचे दोन उंच, दोन जमिनीजवळ. उंच टोकांमधले अंतर सुमारे १८ मीटर आणि कापडाची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. साबणाच्या पडद्याचाच तो आकार होता. पाणी दोन खालच्या कोपऱ्यांतून जमिनीवर जाई.

१९६४ मध्ये स्टुटगार्टला ओटोच्या हाताखाली हलक्या रचनांची संस्था निघाली. तिथे साबणाचे पडदे पद्धतशीर बनवून त्यांचे फोटो घेत, मोजमाप करत आणि त्यावरून छपरांचे आकार ठरवत. १९६७ चा माँट्रियलमधला जर्मन मंडप आणि १९७२ चे म्यूनिक ऑलिंपिकचे क्रीडागार ही त्यातून आलेली प्रसिद्ध कामे. म्यूनिकचे छत सुमारे ७५ हजार चौरस मीटरचे आहे. तारांच्या जाळीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या फरश्या. साबण आणि तारांच्या नमुन्यांवरची मापे एवढ्या मोठ्या कामाला पुरेनात, तेव्हा स्टुटगार्टच्याच क्लाउस लिंकविट्झ आणि जॉन आर्गिरिस यांच्या गटांनी संगणकावर आकार काढण्याच्या पद्धती बसवल्या. आज तंबू आखणारे जे संगणकी कार्यक्रम वापरतात त्यांची मुळे तिथे आहेत. ओटो मार्च २०१५ मध्ये वारले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना स्थापत्यातला प्रिट्झकर पुरस्कार जाहीर झाला. निवड झाल्याचे त्यांना आधी कळवलेले होते, एवढे बरे.

खोगीर केले म्हणजे निश्चिंत, असे मात्र नाही. कापडावर पाण्याचा भार आला की खाली झुकलेल्या दिशेचे धागे जास्त ताणले जातात आणि वर उचललेल्या दिशेचे सैल पडतात. ते पार सैल झाले की खोगीर सपाट होते आणि सपाट कापडाचा जुना आजार परत येतो. म्हणून बाक पुरेसा हवा आणि दोन्ही दिशांना आधीपासून ताणही हवा. फसलेल्या मंडपांत बहुधा बाक फार कमी ठेवलेला असतो, कारण सपाट आकार चित्रात छान दिसतो.

हा आजार कापडापुरताच असता तरी चालले असते. पण साठणारे पाणी कापड आणि पोलाद असा भेद करत नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९७४ साली केंपर अरीना नावाचे मोठे क्रीडागृह झाले. छत सपाट आणि वरच्या पोलादी चौकटींना टांगलेले. शहराच्या गटारांवर एकदम भार येऊ नये म्हणून छतावरचे पाणी सावकाश उतरावे अशी मुद्दाम योजना होती. म्हणजे पावसात छताने थोडा वेळ तळे व्हायचे. स्थापत्यकारांच्या राष्ट्रीय संघटनेने या इमारतीला गौरवले होते. ४ जून १९७९ च्या संध्याकाळी जोराचा वारा आणि मुसळधार पाऊस आला. छत वाकले, वाकल्यामुळे अधिक पाणी जमले. वाऱ्यात वर्षानुवर्षे हेलकावे खाऊन टांगणीचे बोल्ट आधीच थकलेले होते. त्यांतले काही तुटले आणि छताचा मधला मोठा भाग खाली आला. त्या वेळी आत कार्यक्रम नव्हता, म्हणून मनुष्यहानी झाली नाही. काहीच दिवसांपूर्वी तिथे त्याच स्थापत्यकारांचे अधिवेशन भरले होते. सपाट छतांवर पाणी साठून ती कशी कोसळतात याचे गणित अभियंत्यांनी १९६० च्या दशकातच मांडलेले होते. ते आपल्या पडवीच्याच गणिताचे भावंड आहे. ताणाच्या जागी तुळईचा ताठपणा घालायचा, इतकेच.

हवेने फुगवलेल्या छपरांची गत आणखी वेगळी. ती घुमटाकार, दोन्ही दिशांनी वर फुगलेली असतात. एका जागी भार वाढला की तेवढा भाग उलटा होऊन वाटी बनतो. मिनियापोलिसच्या मेट्रोडोम क्रीडागारात १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाने हेच झाले. कापड फाटून बर्फ मैदानावर कोसळतानाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. २०१४ मध्ये ते क्रीडागार पाडून टाकले.

आपल्याकडे हा प्रश्न भाद्रपदात गल्लोगल्ली दिसतो. गणपतीच्या मांडवावर प्लॅस्टिकची ताडपत्री, खाली बांबूंची तीन-तीन मीटरची चौकट. वरच्या सूत्रात तीन मीटर घालून पाहा: दर मीटरला नऊशे किलो ताण हवा! सुतळीने बांधलेल्या ताडपत्रीत तो कुठून येणार? मग मंडळाची पोरे लांब बांबू घेऊन ढुशी मारतात आणि पन्नास-शंभर लिटर पाणी एकदम कडेने खाली येते. ज्याच्या अंगावर येते तो ओरडतो, बाकीचे हसतात. पण त्या कडेलाच दिव्यांच्या माळेचा बोर्ड असतो, आणि चौकट सुटली तर खाली आरतीला उभी असलेली मुले असतात. ताडपत्री जाड घेतल्याने यात काही फरक पडत नाही. प्रत्येक चौकोनात मध्ये एक बांबू उंच उचलून कणा करणे, किंवा रांगेतला एक-आड-एक खांब फूट-दीड फूट आखूड ठेवणे, याला खर्चही येत नाही.

वर्गात दाखवायचे असेल तर दोन गोष्टी पुरेत. जाड तारेचा दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन करून साबणाच्या पाण्यात बुडवावा. पाण्यात चार थेंब ग्लिसरीन घातले तर पडदा टिकतो. मग समोरासमोरचे दोन कोपरे हलकेच वर वाकवून पुन्हा बुडवावा. उजेडासमोर धरला की खोगीर दिसते. नंतर मोठा फुगा कापून त्याचे रबर अशाच सपाट तारेच्या चौकोनावर ताणून बांधावे आणि ड्रॉपरने पाणी टाकत जावे. पोट सुटताना दिसेल. किती थेंबांनंतर ते एकदम वाढू लागते हे मुलांना मोजू द्यावे. त्याच चौकोनाचे दोन कोपरे वर करून तेवढेच थेंब पुन्हा टाकावेत.

आमच्या पडवीचा उजवा पाय आता एक मीटर तीसवर असतो, डावा एक ऐंशीवर. उजव्या कडेला उतार सत्तर सेंटिमीटर झाला, म्हणजे तिथे सतरा सेंटिमीटर झोळही चालतो. येणे-जाणे डावीकडून. उजव्या कोपऱ्याखाली मामा बादली ठेवतात. जोराच्या पावसात ती तीन-चार मिनिटांत भरते, आणि चहाचे पाणी आणायला ओढ्यावर जावे लागत नाही.